उणे दहा, दहा दिवस

लोकर-शेडच्या मागे, मॅक्रोकार्पाच्या सावलीत
बाबांचा जुना फ्रीझर घरघरत असतो.
झाकणावर खडूने तारीख: सतरा मे.
त्याआधी उघडायचा नाही.
दहा दिवस, उणे दहा,
मग मांसातला किडा मरतो,
मग म्हातारी मेंढी कुत्र्यांची होते.

शेजारी माझी पोती.
वीस-वीस किलोची, चकचकीत, वर धावणारा कुत्रा
ज्याच्या पायाला जन्मात चिखल लागलेला नाही.
प्रथिनं इतके टक्के, चरबी इतके टक्के,
राख इतके टक्के.
"राख?" बाबा चष्मा कपाळावर सरकवतात.
"राख कोण कुणाला खायला घालतं?"

मी म्हणते, जोखलेलं असतं बाबा सगळं.
मेंढ्या खाली आणायच्या दिवशी
ब्रॅक चाळीस किलोमीटर पळतो
आणि त्यातले वीस तरी भुंकत पळतो.
गेल्या जुलैत त्याच्या बरगड्या
लांबून मोजता येत होत्या,
तुम्ही म्हणालात, थंडीच तशी पडलीय.

"आणि तुझ्या गोळ्यांवर तो दुप्पट हगतो,
ते कोण जोखणार?"

खरं आहे. पिंजरे मीच धुते.

फ्लिकचा ओठ अंगठ्याने वर करून
बाबा मला तिचे दात दाखवतात.
अकरा वर्षांची कुत्री, दात धुतलेल्या कपासारखे.
हाडाचे मेंढपाळ आमचे बाबा,
हाडांवरच विश्वास.

वरच्या खोपीतला एरुएरा दोन्ही घालतो,
आठवडाभर गोळ्या, रविवारी मेंढीची मान.
म्हणतो, कुत्र्यालाच विचारा की.
विचारलं.
ब्रॅकने मान तीन घासांत संपवली,
गोळ्या दोन घासांत,
आणि मग एरुएराचा हातमोजा.

पण फर्गस काकांचं नाव
या भांडणात कुणी काढत नाही.
सहा वर्षांचे होते, अंगणातल्या कुत्रीला मिठी मारायचे,
आणि कापलेल्या मेंढीची आतडी, काळीज, फुप्फुसं
तेव्हा सगळेच तिथल्या तिथे फेकायचे.
डनेडिनच्या इस्पितळात
त्यांच्या यकृतातून संत्र्याएवढी गाठ काढली.
पोहायला उतरले की व्रण दिसायचा,
कुशीपासून बेंबीपर्यंत, पांढरा, कुंपणाच्या तारेसारखा.
बाबा तेव्हा नऊचे. आतडी
त्यांनीच टाकली होती.

म्हणून तर खडू. म्हणून तारीख.
म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी
लोण्यात लपवलेली जंताची गोळी,
आणि फ्रीझरला कुलूप,
ज्याची किल्ली आईलाही मिळाली नाही.

मी एकदा हिशेब मांडला:
बासष्ट नंबरची मेंढी गाडीत चढवू,
कत्तलखाना पैसे देईल,
त्या पैशांत दीड पोतं येईल.
बाबा पोत्यामागची बारीक अक्षरं वाचत होते.
"मेंढीचं मांस," ते म्हणाले.
"म्हणजे तीच परत येणार.
फक्त आपण तिला ओळखणार नाही."

मी काही बोलले नाही.
बोलण्यासारखं नव्हतं असं नाही.

या शरदात बासष्टला त्यांनी स्वतःच आणलं.
गुडघ्यांमध्ये धरलं, हनुवटी वर केली,
आणि सुरी हलायला लागली.
मेंढी नाही. सुरी.
बाबा आपल्याच हाताकडे बघत राहिले,
परक्या कुणाचा गड्याचा हात
कामावर दारू पिऊन यावा तसं.
मग मूठ माझ्याकडे केली.

मी पोत्यांची बाई.
मला वाटलं होतं, मला जमणार नाही.
एका दमात झालं.
तिचं काळीज, फुप्फुसं मी खोल खड्ड्यात पुरली,
वर दगड ठेवले, बाबांनी प्रत्येक दगड
बुटाने दाबून पाहिला.

झाकणावरची तारीख माझ्या अक्षरात आहे.

आज आठवा दिवस.
थाळ्यांत गोळ्या ओतल्या, वर कोमट पाणी.
ब्रॅक केव्हाच चाटूनपुसून मोकळा.
फ्लिकने निम्म्या खाल्ल्या
आणि फ्रीझरकडे तोंड करून बसली,
मेंढरांना डोळ्यांनी धरून ठेवते तशी,
न भुंकता.

तिच्या शेजारी, उलट्या बादलीवर, बाबा.